ओगातासानच्या नावाची सायकल

कुठलीही वस्तू टाकून देणं सरोजिनीच्या जिवावर यायचं. जपानातल्या ग्योतोकु गावातल्या मराठी बिऱ्हाडांची रीतच होती: परत जाणाऱ्याने कुकर, पोळपाट, पाळणा मागे राहणाऱ्याच्या गळ्यात घालून जायचं. अशीच एक लाल सायकल तिच्याकडे आली होती. जयमालाने पुण्याला जाताना ती सुचेताला दिली, सुचेताने नागपूरला जाताना सरोजिनीला. सरोजिनीला सायकल चालवता येत नव्हती, पण नाही म्हणायचं कसं?

खालच्या मजल्यावर मोरितासान राहायच्या, निवृत्त शिक्षिका. तुरुंगातून मुदतीआधी सुटलेल्यांवर लक्ष ठेवायचं काम सरकारने त्यांना दिलं होतं, पगार मात्र शून्य. सुटलेल्या माणसाने त्यांच्याकडे अधूनमधून यायचं, चहा प्यायचा आणि आपलं कसं चाललंय ते सांगायचं. सध्या पन्नाशीतले ओगातासान येत होते. जपानी बोलायचा सराव म्हणून सरोजिनीही तिथे जाऊन बसायची आणि त्यांना आग्रह करकरून चकल्या खायला घालायची.

ओगातासानना मासळी बाजारात काम मिळालं होतं, पण पहिल्या गाडीच्याही आधी पोचायला हवं होतं.

"माझ्याकडे आहे की सायकल," सरोजिनी म्हणाली.

मोरितासाननी कप खाली ठेवला. ओगातासान मान खाली घालून म्हणाले, "मी सायकलीच चोरायचो. त्यासाठीच आत होतो."

सरोजिनीने चकल्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला त्यातलं कळतं. ब्रेक तेवढा बघून घ्या, करकरतो."

महिनाभर सगळं छान चाललं. मग एका दुपारी मोरितासान धापा टाकत वर आल्या. स्टेशनजवळच्या चौकीतल्या पोलिसाने ओगातासानना अडवलं होतं. इथे प्रत्येक सायकलची मालकाच्या नावाने नोंद असते, हे मराठी मंडळींपैकी कुणाच्या गावीही नव्हतं. लाल सायकल अजून जयमालाच्याच नावावर होती.

"सायकल कुणाची, ते सांगतच नाहीत," मोरितासान म्हणाल्या. "तुम्ही परदेशी, तुमच्या व्हिसाला त्रास नको म्हणतात. पण गप्प राहिले तर पुन्हा आत जातील."

सरोजिनीने नवऱ्याला, माधवला, ऑफिसात फोन लावला.

"सरू, पोलिसांच्या भानगडीत पडू नकोस. पुढच्या महिन्यात आपला व्हिसा रिन्यू करायचाय. संध्याकाळी आलो की मी बघतो."

"अरे, संध्याकाळी बघायला ते बाहेर असायला हवेत ना?" तिने फोन ठेवला. भीती तिलाही वाटत होती. पण त्या माणसाने तिच्यासाठी तोंड शिवून बसावं आणि तिने घरात बसावं, हे तिला सहन होईना.

चौकीत ओगातासान गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. तिला पाहून त्यांचा चेहराच पडला. सरोजिनीने मोडक्यातोडक्या जपानीत सायकलची सगळी वंशावळ सांगितली. पोलीस तरुण होता, सभ्यही होता, पण त्याचा विश्वास बसेना. शेवटी तिने बाहेरच्या हिरव्या सार्वजनिक फोनवरून पुण्याला जयमालाला गाठलं आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

जयमालाची जपानी फर्डी होती. पोलीस नुसता "हाय, हाय", म्हणजे "हो, हो", म्हणत राहिला. मग तिने सांगितलेली खूण बघायला चौकीसमोर वाकून त्याने सायकलच्या सीटखाली डोकं घातलं. जयमालाच्या लेकीने चिकटवलेला गणपती तिथे होता, रंग उडालेला, पण सोंडेसकट.

पोलीस उठला, टोपी नीट केली आणि ओगातासानपुढे कमरेत वाकला. वाकायची पाळी आजवर ओगातासानचीच असे; ते इतके गडबडले की त्याच्याहून खाली वाकले. सरोजिनीला हसू आवरेना, आणि डोळेही पुसावे लागले.

"नाव मात्र बदलून घ्या," पोलीस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिघं सायकलच्या दुकानात गेली; नोंद तिथेच व्हायची. "तुमचं नाव?" दुकानदाराने सरोजिनीला विचारलं. तिने ओगातासानकडे बोट दाखवलं.

ओगातासाननी पेन हातात घेतलं. "पोलिसांच्या दफ्तरात माझं नाव पुष्कळदा लिहिलं गेलंय," ते म्हणाले. "मालक म्हणून पहिल्यांदाच."

त्यांनी सावकाश, सुंदर अक्षरात नाव लिहिलं. मग दुकानातलं सगळ्यात जाडजूड कुलूप निवडलं.

"एवढं मोठं कशाला?" मोरितासाननी विचारलं.

ओगातासान गंभीरपणे म्हणाले, "स्टेशनपाशी लावायची म्हणजे भरवसा नाही. मला माहितेय ना."