निळ्या वाडग्याची ओळख

अस्मिता नावाची एक प्राध्यापिका ओढणीत गुंडाळलेला वाडगा घेऊन आली, तेव्हा भैरवीबाई नुकत्याच जेवून उठल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना जुन्या युरोपीय कार्निव्हल काचेचा नाद लागला होता. कबुतराच्या मानेवर खेळतात तसे रंग या काचेवर दिसतात. कोल्हापुरात कुणाच्या माळ्यावर असलं भांडं निघालं, की लोक ते राजारामपुरीत बाईंना दाखवायला आणत.

"वरच्या झिलईला भुलायचं नाही," असं म्हणत त्यांनी वाडगा उपडा केला. "आधी बूड बघायचं. हे बघा, घासून सपाट केलंय. आपल्याकडच्या मालाचं सहसा असं नसतं." मग त्यांनी आतून विजेरी धरली. काच गडद निळी उजळली. "जर्मनीतला आहे. वय शंभराला थोडं कमी."

सवयीनं त्यांनी काठावरून अंगठा फिरवला, आणि तो एका जागी थांबला. तिथं तांदळाच्या दाण्याएवढा टवका होता. त्या स्वतः नऊ वर्षांच्या असताना वडिलांची कात्री त्यांच्या हातातून निसटली, तेव्हा तो उडाला होता. असे वाडगे जगात आणखी असतील, पण हा टवका दुसऱ्या कुठल्या वाडग्याला नसणार.

"कुणाचा हा?"

"माझ्या ताईचा, राजनंदिनीचा. कॉलेजात एका मित्रानं वाढदिवसाला दिला होता. धवल म्हणून कुणीतरी. लग्न काही झालं नाही त्यांचं, पण ताई अजून जपते."

धवल हा भैरवीबाईंचा एकुलता एक मुलगा. बाईंनी वाडगा पुन्हा ओढणीत नीट गुंडाळला आणि अस्मिताच्या हातात दिला. "ताईला सांगा, अस्सल आहे," एवढंच म्हणाल्या.

वीस वर्षांपूर्वी हा वाडगा बाईंच्या कपाटातून नाहीसा झाला होता. तेव्हा चिमणाबाई त्यांच्या मागच्या खोलीत राहून काम करायची. सोळा वर्षं झाली होती तिला त्या घरात. धवल तीन वर्षांचा होता तेव्हापासून तिनंच त्याला भरवलेलं, न्हाऊमाखू घातलेलं. बाईंनी तिला काही विचारलं नाही. तिची पत्र्याची पेटी अंगणात आणून शेजाऱ्यांदेखत उपसली. काही सापडलं नाही, तर "विकून आली असशील" म्हणाल्या. त्याच संध्याकाळी चिमणाबाई घर सोडून गेली.

बाईंनी पुण्याला धवलला फोन लावला.

"वाडगा तू दिलास राजनंदिनीला?"

"आई, एकोणीस वर्षांचा होतो मी."

"आणि चिमणाबाई?"

"मला वाटलं, दोन दिवसांनी तू तिला परत बोलावशील. मग राहूनच गेलं."

"वीस वर्षं?"

"आता ते काढून काय उपयोग?"

बाईंनी फोन ठेवला. रात्रभर त्यांना ती उपसलेली पेटी दिसत राहिली. दोन लुगडी, एक कंगवा, आणि धवलचा शाळेतला एक फोटो. तो फोटोसुद्धा त्यांनी त्या दिवशी काढून घेतला होता.

रविवारी त्यांनी गगनबावड्याची एसटी धरली; चिमणाबाईचं सासर तिकडं होतं. विचारत विचारत घर सापडलं. चिमणाबाई उंबऱ्यावर बसून घेवडा सोलत होती. पार वाळून गेली होती, पण बाईंना तिनं लगेच ओळखलं.

"बाई, तुमी?"

"चिमणाबाई, तुम्ही वाडगा घेतला नव्हता. धवलनं नेला होता." सोळा वर्षं तिला अगंतुगं केलं होतं, आज तोंडातून आपसूक 'तुम्ही' आलं.

"ठावं हाय मला. टावेलात गुंडाळून नेताना बघिटलंतं म्या."

"मग बोलला का नाहीत?"

"लेकराचं नाव म्या सांगायचं व्हय? त्योच सांगंल म्हणून थांबलो. तुमी पेटी उपसत हुतासा, तवा त्याच्याकडंच बघत हुतो. जेवत हुता. म्याच वाढलंतं. त्यानं ताटातनं मान वर केली न्हाय."

भैरवीबाई तिच्या पायांशी वाकल्या. चिमणाबाईनं पाय आखडून घेतले.

"त्ये ऱ्हाऊ द्या. सांगायचं आसंल तर माझ्या भावाला सांगा, आकारामला. चोरटी म्हणून त्यानं मुरगूडच्या दारातनं परत लावलं मला. आईच्या मातीलाबी येऊ दिलं न्हाय."

"सांगते. उद्याच जाते."

"जाशीला. पर त्यो मेला की. चार वरसं झाली."

मग ती पुन्हा घेवडा सोलू लागली. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. बसा म्हणून कुणी म्हटलं नाही.

तरी दोन दिवसांनी त्या मुरगूडला गेल्या. आकारामची दोन्ही मुलं, विजयसिंह आणि आदर्श, घरीच होती. बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर बसून बाई म्हणाल्या, "तुमच्या आत्यानं चोरी केली नव्हती. माझ्या मुलानं केली, आणि आळ मी तिच्यावर घेतला."

हे बोलायला त्यांनी वाटभर धीर गोळा केला होता. विजयसिंहनं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि आत चहा सांगितला. आदर्श त्याच्याकडं बघत राहिला.

"आपल्याला आत्या हाय?"

"हाय म्हणं. आबा नाव काढू द्यायचं न्हाईत."

बाईंनी गावाचं नाव आणि घराची खूण कागदावर लिहून दिली. "ऊस गेला की जाऊन येतो कवातरी," म्हणत विजयसिंहनं कागद खिशात घातला. तो गेला की नाही, ते बाईंना कधी कळलं नाही.

धवल दर रविवारी फोन करतो. त्या उचलतात, जेवलास का विचारतात, आणि तो पुढं काही बोलायच्या आत ठेवून देतात.