आकड्यावर खणलेली कबर

अपोंडीवहिनी गेली तेव्हा तिचा मुलगा अबुया बाजारातल्या आपल्या टपरीत कुणाचा तरी फोन उघडून बसला होता. निरोप आला. त्याने तो ऐकला, उघडलेला फोन नीट जोडला, गिऱ्हाइकाकडून दुरुस्तीचे पैसे घेतले आणि मग टपरीला कुलूप लावलं. हे मला त्या गिऱ्हाइकानेच सांगितलं, तक्रारीच्या सुरात. "पोरगं दगडाचं आहे का हो, गुरुजी?"

दगडाचं नव्हतं. माझ्या दिवंगत चुलतभावाचा हा एकुलता एक मुलगा प्राथमिक शाळेत माझ्याच वर्गात होता. पडून गुडघा फुटला तर बाकीची पोरं बोंब मारायची. हा पाटीवरचं उदाहरण आधी पूर्ण करायचा आणि मग, विचारलं तर, गुडघा दाखवायचा. अशा मुलांकडे मास्तराने जास्त लक्ष ठेवावं लागतं.

वहिनीला तालुक्याच्या गावी शवागारात ठेवलं होतं. तिथला नियम सगळ्यांना ठाऊक असतो. दवाखान्याचं जुनं बिल आणि ठेवण्याचं भाडं भरल्याशिवाय देह मिळत नाही, आणि भाडं रोज चढतं. येत्या शनिवारी न्यायचं तर बहात्तर हजार शिलिंग लागणार होते. आमच्याकडे माणूस आपल्याच अंगणात पुरला जातो. बाई असेल तर तिच्या घराच्या डाव्या अंगाला. नवरा आधी गेलेला असला तरी तो उजवीकडे आणि ती डावीकडे, मध्ये घर. त्यामुळे वहिनीला घरी आणणं हे एकच काम होतं. बाकी सगळं त्याच्या मागे.

अंत्यविधीच्या समितीचा अध्यक्ष वयामुळे मी झालो. वर्गणी फोनवर येते म्हणून अबुयाचा नंबर चर्चमध्ये, मच्छीबाजारात आणि शाळेत सांगितला गेला. पहिले काही दिवस पैसे बरे आले. चाळीस हजारांवर येऊन थांबले. अबुयाची आत्या अडोयो म्हणाली, "आता ज्याच्या खिशात हात घालू त्याच्या मांडीलाच हात लागेल. खिसा रिकामाच आहे."

अबुया अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राही. लोक येत, हात हातात घेत, बायका फाटकातूनच आक्रोश करत आत येत, आणि हा उठून उभा राही, मान हलवी, पुन्हा बसे. हातात फोन. एका दुपारी मी शेजारची खुर्ची ओढली.

"काय बघतोस?"

त्याने फोन माझ्याकडे वळवला. पडद्यावर रकाने होते. किती पैसे लावणार, ते एका रकान्यात. खाली प्रत्येक सामन्याचा भाव. तळाशी हिरव्या पट्टीत उत्तर.

"सट्ट्याचा हिशेब करणारं पान आहे, काका. फुकट आहे."

"तू लावतोस?"

"नाही. नुसतं बघतो." त्याने एक सामना घातला. एक पूर्णांक पंचवीस. मग दुसरा, एक पूर्णांक वीस. हिरव्या पट्टीतला आकडा वाढला. "बघा. आणखी एक घातला की आणखी."

"सगळ्यांचा गुणाकार करतंय."

"हो."

"आणि यातला एक जरी हरला तर?"

"तर शून्य."

"ते शून्य कुठे दिसतंय इथे?"

त्याने पान खालपर्यंत सरकवून बघितलं. "त्यासाठी रकाना नाही," तो म्हणाला. "ते विचारणं त्याचं काम नाही."

मुलांना मी हेच सांगतो. यंत्राला जे विचारलं तेवढंच ते सांगतं. मी त्यालाही सांगितलं. "अबुया, हे पैसे गावाचे आहेत. आणि तुझ्या आईसाठी आहेत."

"हो, काका."

इतक्या सरळ 'हो' म्हणणाऱ्याला पुढे काय बोलायचं? तेवढ्यात अडोयो चहाचे कप घेऊन आली. "गुरुजी, पोराला इथे पण पाढे म्हणायला लावताय का? द्या सोडून. आणि तू रे, चेहरा जरा पाड की! लोक इतक्या लांबून रडायला येतात, त्यांना वाटतं, चुकीच्या घरी आलो."

अबुयाने कप घेतला. "चहा गोड आहे, आत्या," म्हणाला.

शुक्रवारी दिवस कलला तेव्हा तो माझ्या अंगणात आला. मी शिकवणीच्या पोरांच्या वह्या बघत होतो.

"काका, झाले."

"काय झाले?"

"पैसे. बहात्तर हजार."

मी चष्मा काढला. "कुणी पाठवले?"

"तीन सामने होते. दुपारचे. तिन्ही जिंकले." कोणते संघ ते त्याने सांगितलं. नावं मी कधी ऐकली नव्हती, त्यानेही ऐकली नसणार. कुठल्यातरी थंड देशातले. "चाळीस लावले होते. तिन्ही मिळून एक पूर्णांक ऐंशीचा भाव. चाळीस गुणिले एक पूर्णांक ऐंशी."

"बहात्तर," मी म्हणालो. गुणाकार चुकीचा नव्हता.

मला राग यायला हवा होता. आला नाही. पैसे गेले असते तर आला असता, हे खरं आहे, आणि मला ते तेव्हाच कळलं. मी फक्त विचारलं, "हातात आले?"

"फोनवर येतात."

"आले का?"

"येतात, काका."

त्याच्या फोनवर न वाचलेले निरोप साचले होते. आई गेल्यापासून त्याने एकही उघडला नव्हता. सगळे सांत्वनाचे असत, आणि सांत्वन तो वाचत नसे. वर्गणी आली की आकडा अडोयो वाचून घेई. तो स्वतः उघडे ते एकच पान, रकान्यांचं.

मी समितीला सांगितलं की पैसे पुरे झाले. कसे, ते सांगितलं नाही. अडोयोने माझ्याकडे बघितलं आणि ती बैलाच्या मांसाचं ठरवायला गेली. शेजारचा ओकेच आणि त्याच्या जोडीची तरुण मंडळी फावडी घेऊन आली. कबर आदल्या संध्याकाळी खणायला घेतात आणि उजाडेपर्यंत पुरी करतात. एकदा खणली की ती माणूस मागते. उघडी ठेवून झोपता येत नाही. म्हणून देह येणार हे पक्कं झाल्याशिवाय आमच्यात कुणी फावडं उचलत नाही.

"पक्कं ना, गुरुजी?" ओकेचने विचारलं.

मी अबुयाकडे बघितलं. त्याने मान हलवली. ओकेचने डावीकडची जागा पावलांनी मोजली आणि पहिला घाव घातला.

शनिवारी सकाळी आम्ही भाड्याच्या टेम्पोतून रिकामी शवपेटी घेऊन निघालो. पुढे ड्रायव्हर, अडोयो आणि मी. मागे पेटीला धरून अबुया, आणि गाणी म्हणणाऱ्या बायका. शवागाराच्या खिडकीतल्या माणसाने कागद तपासले, नाव बरोबर वाचलं आणि आकडा सांगितला. बहात्तर हजार. अबुयाने फोन काढला, पैसे पाठवायला गेला आणि थांबला. पुन्हा प्रयत्न केला.

"जात नाहीत," तो म्हणाला.

मी फोन घेतला. खात्यात अठ्ठावन्न हजार आणि वर थोडे होते.

निरोप उघडले. सट्टेवाल्यांचा निरोप आदल्या संध्याकाळपासून तिथे पडून होता, नीट, पायरीपायरीने मांडलेला. पैसे लावतानाच त्यातून कर कापला होता. उरले त्यांच्यावर भाव लागला होता. जिंकलेल्या रकमेतून सरकारचा पाचवा हिस्सा गेला होता. मी तिथेच बाकावर बसून कागदाच्या पाठीवर तो हिशेब करून बघितला. एकाही शिलिंगाची चूक नव्हती. अबुयाचं ते फुकटचं पान दुसऱ्या कुठल्या देशात बनलेलं होतं, जिथे जिंकणाऱ्याचे पैसे जिंकणाऱ्याला मिळत असावेत. आपल्याकडचा कर त्याला माहीत नव्हता, आणि कुणी विचारलाही नव्हता.

"म्हणजे जिंकलास, तरी कमी पडले?" अडोयोने विचारलं. मग तिला सगळं समजलं. ती ओरडेल असं मला वाटलं. ती बाकावर माझ्या शेजारी बसली. "असं जिंकणं मी बाई पहिल्यांदाच बघतेय."

खिडकीतला माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "आजी, एक वाजता मी खिडकी लावतो. तोवर भरा. नाहीतर सोमवारी. मला रक्कम सोडायचा अधिकार नाही."

आम्ही फोन केले. मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना केले, अडोयोने आपल्या सासरच्यांना. सगळे म्हणाले, बघतो. काहींनी खरोखर पाठवले. गाणाऱ्या बायकांनी लुगड्याच्या गाठी सोडल्या. अबुया खिडकीजवळ उभा होता. मी त्याच्या हातातल्या फोनकडे बघितलं. त्याने ते पान उघडलं होतं आणि रकाने रिकामे होते. त्यांत तो काही भरत नव्हता.

"बंद कर ते," मी म्हणालो.

"हो, काका." त्याने बंद केलं.

खिडकी लागली. बाकीचे पैसे चार वाजता पुरे झाले.

पेटी पहारेकऱ्यापाशी ठेवून आम्ही रिकामे परतलो. अंगणात मांडव होता, भाड्याच्या खुर्च्या होत्या, पास्टर होता, निम्मा गाव होता. बैल कापून झाला होता. टेम्पोत पेटी नाही हे दिसलं तशा रडायला उठलेल्या बायका एकेक करून खाली बसल्या. मी उभा राहून सांगितलं की पैसे अपुरे पडले, चूक समितीची आहे. लोक जेवले. शिजवलेलं टाकता येत नाही.

ऊन उतरू लागलं तसे म्हातारे कबरीपाशी जमले. ओकेच कुणाकडे न बघता म्हणाला, "ही आज उघडी राहिली तर उद्या या घरातलं कुणीतरी मागेल. मी खणलीय. माझ्या डोक्यावर नको."

"मग माणसाच्या जागी केळ आण," सगळ्यांत वयस्कर होता तो म्हणाला.

ओकेचने परसातली एक केळ मुळाशी तोडली, पानं छाटली आणि माणसाएवढं खोड खांद्यावर आणलं. कापल्या जागेतून पाणी गळत होतं. अडोयो घरात गेली आणि वहिनीचं निळं लुगडं घेऊन आली.

"खोडाला कशाला?" कुणीतरी म्हणालं.

"नागडंच घालू का तिच्या जागेत?" ती म्हणाली, आणि खोड गुंडाळलं.

पास्टर बाजूला जाऊन उभा राहिला. त्याच्याकडे यासाठी प्रार्थना नव्हती. खोड खाली सोडलं. पहिली माती मुलाने टाकायची असते. सगळे अबुयाकडे बघू लागले. तो पुढे आला, मूठभर माती घेतली, टाकली, हात झटकले. मग फावडी चालली.

"रडू येतंय का?" मी त्याला हळूच विचारलं.

"नाही, काका." थोड्या वेळाने म्हणाला, "यावं का?"

मी त्याच्या बाहीवरची माती झटकली.

मंगळवारी वहिनी आली. भाडं चढलं होतं, तेही भरलं. या वेळी मांडव नव्हता, थोडेच लोक होते. डावीकडची घरालगतची जागा खोडाने घेतली होती, म्हणून तिला पलीकडे, कुंपणाच्या बाजूला, नवी कबर खणावी लागली. अबुयाने पुन्हा पहिली मूठ टाकली, तशीच. अडोयो मात्र त्या दिवशी इतकी रडली की तिला दोघींनी धरावं लागलं.

माझ्याकडे शिकायला येणारी पोरं त्या अंगणातून येतात. काही आठवड्यांनी मी त्यांना घ्यायला वाटेत थांबलो होतो. अबुया अंगण झाडत होता. टपरी त्याने पुन्हा उघडली होती, सकाळी झाडून मग तिकडे जाई. अकेयो नावाची एक चौकस पोर आहे, ती डावीकडच्या दोन्ही उंचवट्यांसमोर थांबली.

"अबुयादादा, ही आजीची?"

"पलीकडची आजीची."

"मग ही कुणाची?"

त्याने झाडू थांबवला नाही. "कुणाची नाही," म्हणाला.

अकेयोने माझ्याकडे बघितलं. मी 'चला' म्हणालो. मग पोरं निघाली. अलीकडच्या उंचवट्यावरून उडी मारून गेलं असतं तर वाट जवळची होती, पण सगळी, धाकटीसुद्धा, त्याला वळसा घालून आली.