चौथी वायर

धाकट्याने सकाळी आपल्या भाड्याच्या खोलीवरची डिश उतरवली, पाठीला बांधली आणि स्कूटरवरून थेट थोरल्या भावाच्या घरी नेली. रस्त्यात लोक वळून बघत होते, पण त्याला त्याचं काही नव्हतं. बारा वर्षं दुसऱ्यांच्या गच्च्यांवर डिश बसवून पोट भरणारा हा माणूस आज पहिल्यांदा स्वतःच्या घरावर बसवणार होता. स्वतःच्या म्हणजे वडिलांनी बांधलेल्या. तिथे थोरला, वहिनी आणि आई राहत. दोन महिन्यांपूर्वी थोरल्यानेच फोन केला होता, की मागची खोली रिकामी पडलीय, बाहेर कशाला राहतोस, ये. त्या एका शब्दावर धाकट्याने घरमालकाला खोली सोडतो म्हणून सांगून टाकलं. तिथे दुसरा भाडेकरूही ठरला. बायको आत्ता तिकडे भांडी पोत्यात भरत बसली होती.

डिश एक आणि टीव्ही चार, असं काम होतं. थोरल्याचं म्हणणं, एकच वायर खाली आणावी आणि तिला फाटे फोडावेत, उगाच पसारा कशाला. धाकट्याने कपाळाला हात लावला. डिशपुढच्या डब्याकडे प्रत्येक टीव्हीचा बॉक्स आपली वेगळी मागणी करतो. फाटे फोडले की एकाने चॅनेल बदलायचं आणि दुसऱ्याच्या पडद्यावर अंधार. म्हणून त्याने पदरमोड करून चार तोंडांचा डबा आणला होता.

"ज्याची त्याला वायर द्यायची, दादा," तो म्हणाला. "मग एका घरात राहूनसुद्धा कोणाचं कोणाशी वाजत नाही."

स्वतःच्याच बोलण्यावर तो हसला. थोरला काही हसला नाही. पाणी आणतो म्हणून आत गेला आणि पाणी आणायचं विसरला.

वायरींच्या बाबतीत धाकटा फार शिस्तीचा. दोन्ही टोकांना चिकटपट्टीचे वेढे घालायचे, म्हणजे वर कुठली आणि खाली कुठली याचा घोळ होत नाही. आईच्या वायरीला एक वेढा, बैठकीच्या खोलीला दोन, थोरल्याला तीन. चौथी मागच्या खोलीची, म्हणजे आपली. तिला त्याने लाल पट्टीचे चार वेढे घातले आणि हौसेने आणखी एक घातला. मागच्या खोलीच्या भिंतीला वायरीचं भोक पाडण्याआधी त्याने आईला हाक मारून विचारलं, की बॉक्स किती उंचीवर घेऊ? पाठ धरते, झोपूनच बघतो मी. आई उंबऱ्यातच थांबली.

"तुला हवं तिथे कर," ती म्हणाली आणि तिथूनच वळली.

त्याने भोक खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर पाडलं.

दुपारी डिश फिरवायची वेळ आली. हे काम मायलेकांचं ठरलेलं. हा धंदा शिकत होता तेव्हापासून तो शेजाऱ्यांच्या गच्च्यांवरून ओरडायचा, "आलं का?" आणि आई त्यांच्या टीव्हीसमोर बसून पडद्यावरची सिग्नलची पट्टी बघून सांगायची, "आलं," नाहीतर "गेलं." तिच्याइतका बिनचूक मदतनीस त्याला धंद्यात कधी मिळाला नाही. आजही तिसऱ्याच हाकेला ती "आलं" म्हणाली. त्याने नट आवळले, उरलेल्या तीन वायरी जोडल्या आणि घाम पुसत खाली उतरला.

बैठकीच्या खोलीत एक नवा बॉक्स टीव्हीला लागलेला होता, बाकीचे थोरला खोक्यांतून काढत होता. धाकट्याने मोजले तर सगळे मिळून चार.

"दादा, एक जास्त आणलास. माझा माझ्या पिशवीत आहे की."

थोरल्याने आईकडे पाहिलं. आईने जमिनीकडे. वहिनी स्वयंपाकघरात कशाला तरी गेली ती गेलीच.

"तो मागच्या खोलीचाच आहे," थोरला म्हणाला. मग जे काय होतं ते त्याने एका दमात सांगितलं. वहिनीचे आईवडील कायमचे राहायला येत होते. रविवारी. पंधरा दिवसांपूर्वीच ठरलं होतं. म्हाताऱ्या माणसांना नाही कसं म्हणणार, आणि तू काय, हातापायाने धड आहेस, कुठेही खोली मिळेल.

थोरला शब्द फिरवतो हे धाकट्याला लहानपणापासून माहीत होतं. त्याचं दुःख सोसण्यासारखं होतं. तो आईकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी म्हटलं, काम होऊ दे, मग सांगू. आधी सांगितलं असतं तर तू आलाच नसतास."

म्हणजे सकाळी तिने शिडी धरली तेव्हा तिला माहीत होतं. त्याने लाल पट्टी गुंडाळली तेव्हा माहीत होतं. गुडघ्याएवढ्या भोकाच्या वेळी माहीत होतं. आईने केसाने गळा कापला, असं त्याच्या मनात आलं, आणि आईविषयी असं मनात यावं याचीच त्याला रडू येईल इतकी लाज वाटली.

तो पाना घेऊन वर गेला. चारही वायरी सोडवल्या. आईची सोडवताना हात क्षणभर थांबला, नाही असं नाही.

"गेलं रे," खालून आईने सवयीने सांगितलं.

त्याने नट सैल करून डिश काढली, पाठीला बांधली आणि शिडीवरून उतरला. थोरला दारात आडवा उभा होता. मालिका, पाहुणे, लोक काय म्हणतील, असं बरंच काही बोलत होता. धाकट्याने त्याला हाताने बाजूला केलं. वायरी तशाच राहू दे, एवढंच म्हणाला.

फाटकापर्यंत आई मागोमाग आली. डिशची कड त्याच्या मानेला घासत होती, तिने मधे आपल्या हातातला रुमाल सरकवला. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "आता कुठे बसवशील ही?"

स्कूटर चालू करता करता तो थांबला.

"हेच तू विचारायला हवं होतंस," तो म्हणाला. "पंधरा दिवसांपूर्वी."