बिहोगोची कालवड

रुताबानाच्या डेअरीत त्या दिवशी पुन्हा दही लागलं नाही. केंगांझीने टाकीत पळी घालून वर काढली, तर सगळं पळीवरून सरळ ओघळून गेलं. धड दूध नाही, धड दही नाही. त्या टाकीत कुठलं दूध होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. रुवेंगोमाच्या टेकडीचं. त्याच टेकडीवर क्यारिसीमा आत्याने तिला लहानाची मोठी केली होती, आणि त्या टाकीत आत्याच्या गाईंचंही दूध होतं.

डेअरीचा मालक रुताबाना माणूस वाईट नव्हता. घाबरला की ओरडायचा एवढंच, आणि घाबरायचा रोज. म्बारारा शहराच्या या टोकाला त्याची डेअरी आणि त्या टोकाला विद्यापीठ, पण वर्षानुवर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. यंत्र बिघडलं की माणूस नैरोबीहून यायचा. विरजण युरोपातून बर्फात गुंडाळून यायचं. आणि इथली पोरं जंतुशास्त्राची पदवी घेऊन कंपालात जायची, फोनची कार्डं विकायला. मग एक दिवस विद्यापीठातले इसाबिर्ये सर आपणहून डेअरीत येऊन बसले. आमची एक मुलगी ठेवून बघा म्हणाले, पगार निम्मा द्या, आणि अडलं तर मला बोलवा. फुकटात मिळतंय म्हटल्यावर रुताबाना कशाला नाही म्हणतोय! ती मुलगी म्हणजे केंगांझी.

आता तोच रुताबाना टाकीशी उभा राहून हात उडवत होता. तुझ्या माणसांनी गाईंना इंजेक्शनं दिली आणि तेच दूध माझ्या गळ्यात मारलं, असं त्याचं म्हणणं. मोठ्या फार्मांचं दूध त्याच विरजणाने छान लागतं, मग रुवेंगोमाचंच का नाही? शेवटी आवाज खाली आणून तो म्हणाला, "शुक्रवारपर्यंत बघतो, पोरी. नाहीतर रुवेंगोमाचा ट्रक बंद. आणि का बंद केला ते मी लपवणार नाही."

ट्रक बंद झाला तर टेकडीला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, हे एक. पण त्याहून वाईट म्हणजे नाव जाणार होतं. आपल्याकडे माणसाला चोर म्हटलेलं एक वेळ चालतं, त्याच्या दुधाला घाण म्हटलेलं चालत नाही. आत्याच्या कानावर हे गेलं तर ती अन्न सोडेल, हे केंगांझीला माहीत होतं.

तिने दूध सगळ्या बाजूंनी तपासलं. औषधाचा अंश नाही, पाणी नाही, आंबटपणा बेताचा. विरजणाचं पाकीट बदलून पाहिलं, टाकी दोनदा उकळत्या पाण्याने धुतली. सगळं चोख, आणि दही मात्र लागत नाही. शेवटी तिने हात टेकले आणि सरांना फोन केला.

इसाबिर्ये सर आले ते आपल्या जुन्या मोटरसायकलवरून. ते नाईल नदीच्या काठचे, बुसोगाकडचे, मासे खाऊन वाढलेले. आपल्या गाईवाल्या मुलखात मासे खाणाऱ्याला दूध देत नाहीत, गाईची कास बिघडते म्हणतात. त्यामुळे इतकी वर्षं म्बारारात काढूनही त्यांच्यापुढे सगळे बिनदुधाचा चहाच ठेवायचे. डेअरीतल्या बायका त्यांना तोंडावर मासेखाऊ म्हणायच्या, आणि त्यांनाही ते आवडायचं.

सरांनी रुवेंगोमाच्या कॅनचं झाकण काढलं, नाक आत घातलं आणि विचारलं, "हे करपलंय का?"

केंगांझी म्हणाली, नाही.

"मग धुराचा वास कसला?"

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सर झाले म्हणून काय झालं! "सर, दुधाला असाच वास असतो."

"तुमच्या दुधाला," सर शांतपणे म्हणाले. "तो शेजारचा कॅन हुंगून बघ."

शेजारचा कॅन मोठ्या फार्मचा होता. तिने हुंगला. कसलाच वास नाही. आजवर हे दूध तिला नुसतं बेचव वाटायचं, का ते कधी मनात आलं नव्हतं. जन्मल्यापासून तिने जे दूध प्यायलं ते धुरी दिलेल्या भांड्यातलं. सगळ्या चाचण्या केल्या शहाणीने, आणि जे नाकासमोर होतं तेवढं मात्र तिच्या नाकाला कळलं नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि मग हसू आलं.

पुढचं कोडं तिचं तिलाच सुटलं. आपल्याकडे दुधाची लाकडी चरवी नुसती धुऊन चालत नाही. मातीच्या धुपाटण्यात रानगवत पेटवायचं, त्यावर चरवी पालथी घालायची, धूर आत कोंडू द्यायचा, मग ते भांडं स्वच्छ. आणि मागच्या पावसाळ्यानंतर रुताबानाने स्वतःच टेकडीवर सभा घेऊन सांगितलं होतं, की ज्यांचे कॅन सर्वांत स्वच्छ त्यांच्या टेकडीच्या नावाची पाटी डेअरीच्या दारावर लागेल. बायकांच्या गटाची प्रमुख क्यारिसीमा आत्या. तिने काय केलं असेल ते सांगायला नकोच. तेव्हापासून रुवेंगोमाचे पत्र्याचे कॅनसुद्धा चरवीसारखे धुरी खात होते, आणि सरकारी लस टोचून घ्यावी तसे सगळ्या घरांतून न चुकता.

केंगांझीने एकाच गाईचं दूध दोन बरण्यांत घेतलं. एक बरणी धुरी दिलेली, दुसरी नुसती धुतलेली. दोन्हींत तेच विरजण घातलं. सकाळी बघितलं, तर नुसत्या धुतलेल्या बरणीतलं दही सुरीने कापावं इतकं घट्ट, आणि धुरीच्या बरणीत पाणी. सर म्हणाले, धूर वाईट जंतूंना मारतो म्हणून तर तुमचं दूध उन्हात टिकतं. पण ही युरोपातली विरजणं नाजूक, त्यांनाही तो सोसत नाही.

रुताबानाला हे सांगितलं तेव्हा त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. मग धुरी बंद करा, संपलं. पण संपलं कुठे? आत्याने कपाळाला आठ्या घालून का होईना, एक दिवस कॅन नुसते धुऊन पाठवले. टेकडीवर शीतटाकी नाही, रस्ता म्हणजे दगडधोंडे. ट्रक पोचेपर्यंत निम्मे कॅन नासले होते, धुरीच्या आधी नासायचे तसेच. धुरी द्यावी तर दही लागत नाही, न द्यावी तर दूध टिकत नाही. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि शुक्रवार उद्यावर आलेला.

केंगांझी टेकडीवर गेली ती आत्याला वाईट बातमी सांगायला. शब्द जुळवत अंगणात बसली. आत्याने नेहमीप्रमाणे काही न विचारता पहिल्यांदा तिच्या हातात वाडगा दिला. नाचणीच्या पिठावर ओतलेलं आंबट दूध, वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यातलं, जाड, चमचा उभा राहील असं. केंगांझीने दोन घास खाल्ले आणि तिसऱ्याला थांबली. तुंब्याला धुरी रोज होती. दूध त्याच गाईंचं होतं. आणि हे लागलेलं होतं.

"आत्या, याला विरजण कुठलं?"

"कुठलं म्हणजे? तुंब्यातलंच. तळाशी थोडं ठेवायचं, वर नवं ओतायचं. सासूबाईंनी दिलं होतं, त्यांना त्यांच्या सासूने."

म्हणजे कितीतरी पिढ्या हे जंतू धुरातच वाढले होते. धूर त्यांच्या अंगवळणी पडला होता. केंगांझीने वाडगा खाली ठेवला. यातलं वाटीभर मला विद्यापीठात न्यायला दे, ती म्हणाली.

आत्याने तुंब्याचं तोंड झाकलं. घरचं विरजण घराबाहेर जात नाही. गेलं की गोठ्याची बरकत गेली, सख्ख्या बहिणीलाही तिने कधी दिलं नव्हतं. आणि द्यायचं कुणाला, तर मासे खाणाऱ्याला! मग केंगांझीने सगळं सांगितलं. लपवायचं काहीच उरलं नव्हतं. ट्रक बंद होणार हे सांगितलं, आणि रुवेंगोमाच्या दुधाला उद्या सगळा म्बारारा काय म्हणेल तेही सांगितलं. आत्या तुंब्याच्या तोंडावर हात तसाच ठेवून बसली. तिचा चेहरा असा पडला होता की केंगांझीला बघवेना.

"विकायचं नाही ते," शेवटी आत्या म्हणाली. "आणि असंच कुणाला द्यायचंही नाही. पण गाय देता येते."

केंगांझीला समजलं. आपल्याकडे परक्या माणसाला आपला करायचा तर त्याला गाय देतात. आणि गाय दिली की तिची पहिली कालवड देणाऱ्याच्या दारात परत येते. न आली तर नातं तुटलं.

आत्याने छोटा तुंबा घेतला, त्याला धुरी दिली, त्यात थोडं आंबट दूध ओतलं. "हिचं नाव बिहोगो. तुझ्या आजेसासूच्या वेळची, गडद तांबडी, कधी लाथ न मारणारी गाय होती, तिचं नाव. त्या सरांना सांग, कालवड परत आली पाहिजे."

"आत्या, माझं लग्न झालेलं नाही. आजेसासू तुझी."

"माझी ती तुझी. आणि लग्नाचं तूच काढलंस म्हणून विचारते..."

केंगांझी तुंबा घेऊन पळालीच.

सरांनी शुक्रवारी रुताबानाला स्वतः गाठलं. थोडे दिवस थांबा म्हणाले, माझ्या शब्दावर थांबा. रुताबाना ओरडला, मग थांबला. शेवटी तोही गुराख्याच्याच घरातला, आणि बिहोगो हे नाव ऐकून त्याचा चेहरा जरा सैलावला असं केंगांझीला वाटलं.

पुढचे आठवडे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेले. तुंब्यातले चांगले जंतू वेगळे करायचे, वाईट असतील ते टाकायचे, उरलेल्यांना धुराच्या दुधात वाढवून बघायचं. केंगांझी सकाळी डेअरीत आणि दुपारी प्रयोगशाळेत. तिच्या मागच्या वर्गातल्या दोघी मदतीला आल्या, त्याही गाईवाल्यांच्या पोरी. नळ्यांवर क्रमांक लिहायचे असतात, पण या तिघी बिहोगोच लिहायच्या. दोनदा सगळं फसलं. एकदा तर लागलेलं दही इतकं कडू निघालं, की सर म्हणाले ही लाथ मारणारी गाय दिसते. तिसऱ्या खेपेला काचेच्या भांड्यात घट्ट, गोडसर, किंचित धुराच्या वासाचं दही लागलं, आणि केंगांझी तिथेच स्टुलावर बसून रडली. कुणी तिला गप्प केलं नाही.

मग डेअरीतली छोटी टाकी. रुवेंगोमाचं धुरीचं दूध, बिहोगोचं विरजण. सकाळी सगळे टाकीभोवती जमले. पळी घालायची कुणाची हिंमत होईना. शेवटी रुताबानाने बाह्या सरसावून स्वतः पळी घातली, वर काढली, उलटी केली. दही पडलं नाही. तो पळी तशीच उलटी धरून उभा राहिला. त्याच दिवशी त्याने त्या दोघी मुलींना कामावर या म्हणून सांगितलं, पूर्ण पगारावर, आणि केंगांझीचा निम्माही पूर्ण झाला. रुवेंगोमाच्या नावाची पाटी दारावर चढली. युरोपातल्या विरजणवाल्यांचा फोन क्रमांक त्याच्याकडे आता आहे की नाही, कोण जाणे.

एका शनिवारी इसाबिर्ये सर टेकडीवर गेले. मागच्या सीटवर केंगांझी, आणि तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं स्टीलचं भांडं. ते भांडं सरांनी दोन्ही हातांनी आत्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, बिहोगोची कालवड आणलीय. आत्याने फडकं सोडलं, बोटावर घेऊन चाखलं, पुन्हा चाखलं. केंगांझीकडे बघून तिने मान हलवली. कालवड आईवर गेली होती.

मग तिने सरांकडे नजर वळवली. "मासे कधी खाल्लेत?"

"गेल्या रविवारी. इथे यायचं ठरलं, तेव्हापासून नाही."

हे केंगांझीलाही माहीत नव्हतं. आठवडाभर प्रयोगशाळेत ते उकडलेली केळी आणि घेवडा खात होते ते तिने पाहिलं होतं, पण पोट बिघडलं असेल असं तिला वाटलं होतं.

आत्या उठली. धुपाटण्यात गवत पेटवलं, पाहुण्यांसाठी ठेवलेली छोटी काळी चरवी त्यावर पालथी घातली, सावकाश, नीट, घाई न करता. मग नुकतंच काढलेलं दूध तिच्यात ओतून ती सरांच्या हातात दिली. सरांनी दोन्ही हातांनी घेतली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. त्यांच्या मिशांना फेस लागला होता. त्या घरात गाईचं दूध मिळालेले ते पहिलेच परके.

"वास येतो का कसला?" आत्याने विचारलं. केंगांझीने तिला ती गोष्ट सांगितली होती, आणि आत्या काही विसरणारी नव्हती.

सरांनी चरवी पुन्हा नाकाशी नेली. "येतो ना," ते म्हणाले. "दुधाचा."

आत्याने त्यांच्या हातातून चरवी घेतली आणि दुसऱ्यांदा भरली.