सर्व्हरवर पांघरलेली गोधडी

सुज्ञ वाचकहो! आमच्या बिबवेवाडीतील इमारतीच्या पहिल्या मजल्यावर जी संगणक-यंत्रे अहोरात्र चालत असत, त्यांच्यामुळे एका लेकीचे पहिले बाळंतपण कोठे व्हावे असा बिकट प्रश्न उद्भवला. माझ्या धर्मपत्नीच्या हातून घडलेल्या एका प्रमादामुळे तो कसा सुटला, त्याची हकिकत मी येथे यथाशक्ती निवेदन करीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले असल्याने शब्दांत उणेअधिक आढळल्यास क्षमा असावी.

तळमजल्यावर माझी पिठाची गिरणी आहे आणि तिच्या मागे आमचे राहते घर. सन दोन हजार एकच्या सुमारास वरच्या दोन खोल्या रणजित व कल्याणी या नवपरिणीत दांपत्यास मी भाड्याने दिल्या. एका खोलीत त्यांचा संसार, दुसरीत सर्व्हर नामक यंत्रे. 'वेबसाइट होस्टिंग' हा त्यांचा व्यवसाय. त्याचा अर्थ मला उमगला तो असा: परगावचे विद्यार्थी जसे पुण्यात खोली घेऊन राहतात, तशा लोकांच्या वेबसाइट त्या यंत्रांत भाड्याने राहतात, आणि यंत्र थांबले की त्या सर्वच्या सर्व एकदम बेघर होतात. रणजित गिऱ्हाइके आणीत असे. यंत्रे मात्र कल्याणीच सांभाळी. ती तापू नयेत म्हणून खोलीत सतत एसी चालू असे, आणि भर वैशाखातही तेथे अंगावर काटा उभा राही.

कल्याणीस आठवा महिना लागला. तिचे वडील सीतारामराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीस होते. ते तिला नेण्यास आले. "जयभीम, नागोराव," असे म्हणून मजजवळ क्षणभर बसले आणि लगेच लेकीकडे वळले.

"बॅग भर."

"अप्पा, सर्व्हर कोण बघणार?"

"का? जावईबापू काय नुसते फोटोत उभे राहायला आहेत?"

"मी बघतो की," रणजित म्हणाला.

"तू? गेल्या महिन्यात सर्व्हरची वायर काढून मोबाइल चार्जिंगला कोणी लावला होता?" कल्याणीने विचारले. जावईबापू छताकडे पाहू लागले.

सीतारामरावांचा स्वर उतरला. "पोरी, पहिलं बाळंतपण माहेरीच असतं. तुझ्या आईनं खिडकीपाशी खाट टाकून ठेवलीय. रोज गादी उन्हात घालते. मी नुसताच परत गेलो तर तिला काय सांगू?"

कल्याणीच्या डोळ्यांत पाणी तरळले. तिला माहेरी जायचे होते, परंतु पाय निघत नव्हता. तेव्हा माझी पत्नी मथुराबाई पुढे सरसावली. "जा गं बिनघोर. ह्यो बाहेर गेला की मी बसंन तुझ्या मशिनींपाशी. एवढी लेकरं वाढिवली, ही काय जड हायेत व्हय?"

"मावशी, काही करायचं नाही. फक्त दिवे हिरवे आहेत ना, ते बघायचं. लाल झाले की मला फोन."

"तान्ह्या बाळावानी जपते बघ!"

वाचकहो, हे वचन तिने अक्षरशः पाळले, हाच तो प्रमाद होय.

मार्गशीर्षातील एके दुपारी रणजित मंडईतील एका फळांच्या व्यापाऱ्यास वेबसाइटचे महत्त्व पटवून देण्यास गेला होता. मथुराबाई वर गेली. त्या दिवशी बाहेरच हुडहुडी भरत होती. आतील गारव्याने तर तिचे दात वाजू लागले. स्वतःला शाल होती, पण त्या उघड्यावाघड्या यंत्रांची तिला कणव आली. तिने एसी बंद केला, आपल्या हातची गोधडी आणून यंत्रांच्या कपाटावर नखशिखान्त पांघरली, कडा नीट खोचल्या, आणि समाधानाने भाकरी थापण्यास ती खाली आली. दिवे हिरवे की लाल, हे गोधडीतून दिसणार कसे!

तिकडे खडकीस कल्याणी रोज दुपारी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन आपल्या वेबसाइट पाहत असे. त्या दिवशी एकही उघडेना. रणजितचा मोबाइल लागेना. तिने गिरणीत फोन केला, परंतु जात्यात ज्वारी होती आणि त्या घरघराटात घंटी मला ऐकू आली नाही. शेवटी वडिलांना घेऊन ती रिक्षाने बिबवेवाडीस आली.

पोट सावरीत जिना चढणारी ती लेक पाहून मी गिरणी थांबवली व मागोमाग धावलो. दार उघडताच भट्टीसारखी वाफ अंगावर आली. गोधडी ओढताच दिसले की दिवे विझून सर्व यंत्रे काळीठिक्कर पडली होती. अति उष्णतेने ती आपण होऊन बंद झाली होती. कल्याणीने एसी लावला, खोली गार होऊ दिली आणि मग एकेक बटण दाबले. दाराआड मथुराबाई हुंदके देत होती.

"पोरी, माझ्या हातनं घात झाला गं. काकडत व्हती म्हून पांघरलं."

"मावशी, ह्यांना थंडीच मानवते. तुमच्या मायेनं गुदमरली बिचारी!" असे म्हणून कल्याणी जी हसू लागली, ती कंबर धरून खालीच बसली. एकामागून एक हिरवे दिवे उजळले. "उठली सगळी," ती पुटपुटली. मग वडिलांकडे पाहून म्हणाली, "अप्पा, मी आता परत येत नाही. तिकडे माझा डोळ्याला डोळा लागत नाही."

सीतारामराव जिन्याच्या पायरीवर बसले. रागावले नाहीत, नुसते हातातील टोपी फिरवीत राहिले. "गादी उन्हात घातलेली आहे गं," एवढेच बोलले.

मथुराबाईने पदराने डोळे पुसले. "अवो दादा, सासर वरच्या मजल्यावर हाय न्हवं? मग माहेर खाली! आमची मागची खोली मोकळी हाय. आजपासनं ही माझी लेक. ताईंना म्हणावं, खाट घिऊन हितंच या."

सीतारामरावांनी माझ्याकडे पाहिले. "आमचं माणूस तुमच्या घरात राहील, नागोराव. भावकी काय म्हणेल, विचार केलात?"

"भावकीला दळण माझ्याकडेच आणावं लागतं," मी म्हणालो. ते प्रथमच मोकळेपणाने हसले.

दुसऱ्याच दिवशी टेम्पोतून खाट, गादी, डिंक, अळीव आणि कल्याणीची आई विमलाबाई, अशी समग्र माहेराची स्वारी आली. रणजितने बॅग उचलून पत्नीस रीतसर एक जिना खाली माहेरी पोहोचवले आणि निरोप घेताना डोळे पुसण्याचा अभिनयही केला. "नाटकं पुरेत, वर जा," कल्याणी म्हणाली, "आणि वायरला हात लावू नकोस."

पौषात मुलगी झाली. बाळाला तेल नारळाचे लावावे की तिळाचे, यावर दोन्ही आज्यांचे कडाक्याचे भांडण होई. ते रंगात आले की कल्याणी खाटेवरूनच जिन्याकडे हाक मारी, "हिरवे का?" आणि वरून सासर उत्तर देई, "हिरवे!"

आपण अमूल्य वेळ देऊन हे वाचलेत, याबद्दल सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
नागोराव धोंडिबा बिबवे
बिबवेवाडी, पुणे