रिकामं जाळं

मी एक जुनं जाळं आहे. नाकं मुरडू नका, मित्रांनो. आता मानपाड्याच्या मैदानात गोलमागे टांगलेला असलो, तरी माझा जन्म डोंबिवलीच्या खाडीकाठचा. सहदेव कोळ्याने मला गाठ-गाठ करून विणलं. बोय, निवट्या, चिंबोऱ्या मी भरभरून आणायचो. रिकामा आलो की त्याची बायको हौसाबाई आम्हा दोघांचा उद्धार करायची. पुढे खाडीत मासाच उरला नाही, तेव्हा सहदेवने मला मुलींच्या फुटबॉल अकादमीला दिलं. फाटलो की अजून तोच येऊन शिवतो.

इथे सगळंच उलटं. इथे मी रिकामा राहिलो तरच मान. हे मला, एका जाळ्याला, आठ दिवसांत कळलं. इथले प्रशिक्षक मितेशसर, त्यांना शिट्टी, गॉगल आणि कागदांची चळत असूनही सहा वर्षांत कळलेलं नाही.

वर्षाली आंबिवलीहून यायची. सोळा वर्षांची, बचावात खेळायची, माझ्या पुढ्यात. समोरची पोरगी कुठे वळणार ते ओळखून ही आधीच तिथे जाऊन उभी. चेंडू आपणहून पायाशी यायचा. ना घसरणं, ना आरडाओरडा. तिच्या चार महिन्यांत सहदेवला एकदाही सुई घेऊन यावं लागलं नाही.

निवडीच्या दिवशी बचावातल्या एकीलाच ठेवायचं होतं, वर्षालीला किंवा पायलला. पायल हमखास चुकीच्या जागी असायची. मग जिवाच्या आकांताने धावत येऊन लोटांगण घालायची. कधी चेंडू तिला मिळायचा, कधी मला. लोक मात्र टाळ्या पिटायचे. सरांनी कागदावर लोटांगणं मोजली. पायलची अकरा, वर्षालीचं एक. धन्य तो कागद.

"हिचे कपडे बघा, इस्त्रीचे," सर म्हणाले. "मेहनतच नाही. पोटेन्शियल शून्य."

"सर, चेंडू आधीच मिळाला तर पडू कशाला?" वर्षालीने विचारलं.

"वर ॲटिट्यूड पण आहे."

कुंपणापाशी उभा सहदेव म्हणाला, "सर, ही पोर गेली तर मना रोज शिवाला यावं लागंल."

"काका, तुम्ही मासे बघा," सर हसले. असल्या शहाण्यांची लोक कीव करतात. मला किळस येते.

वर्षालीने जर्सी घडी करून परत दिली. जाताना मला मुठीत धरून ती रडली. खाडी सुटल्यापासून खारं पाणी मला तेव्हाच लागलं.

दोन महिन्यांनी ती कल्याणच्या संघातून आमच्याविरुद्ध खेळायला आली. पहिल्या अर्ध्या वेळात पायलच्या कृपेने माझ्यात तीन गोल पडले आणि मी एका कोपऱ्यात फाटलो. मग बाजू बदलल्या. वर्षाली माझ्यापुढे येऊन उभी राहिली. त्यानंतर मला चेंडू शिवलासुद्धा नाही.

सामना हरल्यावर सर आपल्या पोरींवर खेकसले, "अगं, समोर अडवणारं कोणी नव्हतंच. तरी एक गोल होईना तुमच्याच्याने?"

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला नका जपू, त्याला सहदेव आहे. पण कुणाला ठेवायचं नि कुणाला काढायचं हे ठरवायला बसलात, तर समोरच्याचे कपडे सोडा आणि त्याच्या मागे बघा. तिथे मी असतो.

त्या संध्याकाळी सहदेव सुई घेऊन आला. फाटका कोपरा शिवला, माझा बाकीचा भाग हाताने चाचपून पाहिला आणि वर्षालीला हाक मारून म्हणाला, "तुझ्या वाटणीचं शिवाचं कायच नाय गो."