व्हर्ननच्या विमानात कोण आलं?

शनिवारी कॅन्ससमधल्या आमच्या गवती धावपट्टीवर इतकी गर्दी लोटली, की डोनट साडेनऊलाच संपले. मेलेला व्हर्नन हॅचर विमान उडवणार होता.

व्हर्नन आमच्या रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांच्या क्लबचा. फेब्रुवारीत गेला. मागे बायको लोर्ना, अकरा विमानं आणि शेडमध्ये पडून फुटलेला रिमोट. रिमोटच नाही म्हटल्यावर आत्मे बोलावणारे ब्रदर डेलमर प्रुइट उगवले. पांढरे बूट, गळ्यात स्वतःचा रिमोट. त्यांनी व्हर्ननच्या पिवळ्या विमानाच्या पोटात डोकावून आत्मा शोधला, आपल्या ट्रेलरमागे जाऊन ध्यान लावलं, परत येऊन पंखाखाली हात घातला. आतला दिवा लुकलुकला, मग स्थिर झाला.

"आला," ब्रदर म्हणाले.

शेपटी हलली. विमान उडालं. पुरुषांनी टोप्या डोळ्यांवर ओढल्या.

मग ब्रदरांनी आणखी तिघा गेलेल्यांची विमानं तशीच उडवली, तीन वेगळ्या कंपन्यांची. तिथे आम्ही चीत झालो. आमच्यात कंपनीबाहेर सोयरिक नाही. जिचं विमान, तिचाच रिमोट. आणि दुसऱ्याच्या रिमोटला हात लावणं म्हणजे त्याच्या ताटात जेवणं. त्यामुळे ब्रदरांच्या रिमोटची पाठ कुणी पाहिलीच नव्हती.

लोर्नाला नवऱ्याचं विमान स्वतः उडवायचं होतं. ब्रदर हळहळले. व्हर्नन फक्त आपल्याच हातातून येतो, तेव्हा अकराही विमानं आपल्या संस्थेला द्यावीत, असं त्यांनी सुचवलं. कागद तयार होता. आत्म्याच्या कामात कार्बन कॉपी लागते, हे मला नवीन होतं.

लोर्नाने पेन घेतलं.

"थांब जरा," इमोजेन श्टाल म्हणाली. ही आमची गुरांची डॉक्टर. तिने ब्रदरांना रिमोट उलटा करून दाखवायला सांगितलं. पवित्र वस्तू आहे, ते म्हणाले. मग तिने गाडीतून स्वतःचाच रिमोट आणला, सोबत काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक डबी.

रिमोटचं मागचं झाकण काढलं. आत खाच, खाचेत पाच पिना. आधी डबीला अँटेना जोडली, "हिच्याशिवाय चालू केलं तर आत्मा येत नाही, डबी जळते." मग डबी सरळ दाबून बसवली, रिमोटचा आतला रेडिओ बंद केला, डबीचा चालू केला.

"ही डबी बऱ्याच कंपन्यांची भाषा बोलते," ती म्हणाली. "विमानाच्या पोटात शोधायचं ते रिमोटचा संदेश पकडणाऱ्या रिसीव्हरवरचं कंपनीचं नाव. ट्रेलरमागे जाऊन निवडायचं तेही तेच."

तिने यादीतून ते नाव निवडलं, विमानाच्या नाकावरचा पंखा काढून ठेवला आणि रिमोटला जोडी जुळवायला लावलं. लोर्नाने रिसीव्हरचं बटण दाबून धरलं, बॅटरी लावली. दिवा लुकलुकला, स्थिर झाला. बॅटरी काढून पुन्हा लावली. लोर्नाने रिमोटची काडी हलवली, शेपटी हलली. ब्रदर आपल्या काड्या ढकलत होते; विमान ढिम्म.

"व्हर्नन रागावेल," ते म्हणाले.

"रागावू दे," लोर्ना म्हणाली. "पंचवीस वर्षं रागावायचा, आणि जेवायला वेळेवर यायचा."

पंखा बसवून इमोजेनने विमान वर नेलं, रिमोट लोर्नाच्या हाती दिला. दोन फेऱ्या बऱ्या झाल्या. तिसरी थेट सोयाबीनच्या शेतात. पाहा त्याचा कोप, ब्रदर म्हणाले. पण व्हर्ननही निम्म्या वेळा तिथेच उतरवायचा, हे क्लबात सर्वांना ठाऊक होतं. लोर्ना शेतात शिरली, विमान डोक्यावर घेऊन हसत परत आली. कागदावर सही झाली नाही.

माणूस गेला की डोळे भरतात, भरू द्यावेत. पण त्याच वेळी कुणी पेन पुढे केलं, तर आधी चमत्काराची वस्तू हातात मागावी. तो देत नसेल, तर आपणही काही देऊ नये.